ओळखीसाठी दोन नावं

ॲडम्सटाउन, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय राजीव,

बावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझ्या लग्नाची पत्रिका मला मिळाली होती. तिच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट होतं. घर बदलताना दोन्ही वेळा ती मी बरोबर आणली, पण उत्तर दिलं नाही. तुझे अण्णा गेल्याचं मला गेल्या वर्षी तुझ्या धाकट्या बहिणीकडून, शर्वाणीकडून कळलं, म्हणजे ते जाऊन आठ वर्षं झाल्यावर. कामाचा व्याप, परदेश, संसार अशी कारणं मी या कागदावर लिहून पाहिली आणि खोडली. ती खोटी नाहीत, पण माझ्या गप्प बसण्याचं कारण त्यांत नव्हतं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती अण्णांच्या वनखात्यातल्या नोकरीबद्दल आहे. पहिल्याच पानावर लिहिली तर तू पुढचं वाचणार नाहीस अशी भीती वाटते. शेवटी लिहिली तर तुला फसवून वाचायला लावल्यासारखं होईल. म्हणून ती येणार आहे एवढं आधीच सांगून ठेवतो. हे पत्र मी एका बैठकीत लिहू शकणार नाही. सुट्टी मिळेल तसं लिहीन.

आत्ताच लिहायला बसलो त्याचं निमित्त विचित्र आहे. मी शिकारीची तयारी करतोय. हो, मीच. हॉस्टेलच्या खोलीतलं झुरळ वहीच्या पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोडणारा.

डब्लिनच्या दक्षिणेला विकलोचे डोंगर आहेत. तुला ते डोंगर वाटणार नाहीत, ओल्या गवताचे मोठे उंचवटे वाटतील. पण धुकं उतरलं की तिथली माणसंसुद्धा वाट चुकतात. तिथे तांबडी आणि जपानी सिका यांच्या संकरातल्या हरणांचे कळप आहेत. लांडगा या देशातून दोनएकशे वर्षांपूर्वी संपला, त्यामुळे हरणांना खाणारं आता कोणी नाही आणि हरणं लावलेलं प्रत्येक रोप खातात. तिथल्या एका खोऱ्यात डोनल नावाचा सत्तरीचा मेंढ्या पाळणारा शेतकरी आहे. त्याच्याकडे मी सहा वर्षं हरणं मोजायला जातो. तू मला मचाणावर बसून मोजायला शिकवलंस, तीच सवय. डोनलने ओकची चारशे रोपं लावली होती. कुंपण एका ठिकाणी पडलं आणि एका हिवाळ्यात चारशेही गेली. त्या वसंतात तो मला म्हणाला, "तू मोजतोस छान. पण मोजून ती कमी होत नाहीत."

या हंगामासाठी खोऱ्यातल्या जमीनमालकांनी तीनच मोठे नर मारायची परवानगी दिली आहे. एकोणीस जणांनी नावं दिली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि तिसरी चिठ्ठी माझी निघाली. अट एकच. माझा बंदुकीचा परवाना ३१ ऑक्टोबरपर्यंत त्यांच्यापुढे ठेवायचा. नाही जमलं तर तो नर यादीतल्या पुढच्या माणसाचा.

घरी मुलगी मुक्ता, वय चौदा, मराठी सगळं कळतं पण उत्तर इथल्याच इंग्रजीत देते. म्हणाली, "बाबा, यू कान्ट इव्हन किल द स्पायडर इन द बाथ, लाइक." बायको निशिगंधा म्हणाली, "आणि ते हरीण माझ्या फ्रीजरमध्ये? तुझी आई येतेय डिसेंबरात. तिला काय सांगू, मटार आहेत म्हणून?"

मी हसलो. पण मला हे का करायचंय, याचं नीट उत्तर मी अजून त्या दोघींना दिलेलं नाही. ओकच्या रोपांचं देतो. ते खरं आहे, पण अर्धंच.


११ ऑक्टोबर

आज परवान्यासाठीची नेमबाजीची परीक्षा झाली. शंभर मीटरवर चार इंचांचं वर्तुळ, पालथं पडून, गुडघ्यावर बसून आणि काठीचा आधार घेऊन. परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवता येत नाही, म्हणून क्लबची रायफल, क्लबचा माणूस शेजारी. सगळ्या गोळ्या आत पडल्या. शिकवणारा म्हणाला, "यू'ल डू." इथे ही मोठी तारीफ आहे. मला आवडलं, हेही लिहून ठेवतो. श्वास सोडून थांबायचं, त्या थांबलेल्या जागेत बोट हलवायचं. इतकं शांत मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं, आणि घरी येताना गाडीत त्या शांतपणाचीच लाज वाटली.

दुपारी डोनलबरोबर खोऱ्यात गेलो. सध्या नर माजावर आहेत. चिखलात लोळून काळेठिक्कर होतात आणि शिट्टीसारखं ओरडतात; पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एखादी बाई संकटात आहे असं वाटलं होतं. माझ्या वाट्याचा नर आम्ही दुर्बिणीतून पाहिला. डाव्या शिंगाचा एक फाटा मोडलेला. इथे कुठल्याही तिसऱ्या माणसाला 'युअर मॅन' म्हणतात, आणि डोनल हरणालाही तेच म्हणतो.

"युअर मॅन वाऱ्याकडे पाठ करून बसतो," तो सांगत होता. "पाठीमागचं नाकाने कळतं, पुढचं डोळ्यांनी. तू कुठून येणार?"

"बाजूने."

"बाजूने ओढा आहे. दगडावरून घसरशील, आवाज होईल."

"मग?"

"मग घरी जायचं आणि उद्या यायचं. शिकार म्हणजे मुख्यतः घरी जाणंच असतं."

पोलीस, इथे त्यांना गार्डा म्हणतात, बुधवारी घरी येऊन गेले. जिन्याखालच्या कपाटात मी स्टीलची तिजोरी भिंतीला बोल्टने बसवून घेतली आहे. ती त्यांनी हलवून पाहिली, चहा घेतला, "ग्रँड" म्हणाले, म्हणजे ठीक आहे.

आता अर्जाबद्दल. परवान्याच्या अर्जात तुम्हाला नीट ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. पोलीस त्यांना फोन करून विचारू शकतात, हा माणूस कसा आहे, विश्वासाचा आहे का. पहिलं नाव डोनलचं. दुसऱ्यासाठी मी ऑफिसातल्या वेदांतला विचारणार होतो. ऑगस्टमध्ये शर्वाणी आमच्याकडे जेवायला आली होती. तुला तिने सांगितलं असेल, मागच्या वर्षी इथल्या गणपतीत तिने मला गाठलं. "तुम्ही अनिमेषदादा ना? कान ओळखले मी." ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधून सुट्टी असली की ती येते. मुक्ताशी तिचं चांगलं जमतं. तर अर्ज टेबलावर पडला होता.

"दुसरं नाव कोणाचं?" तिने विचारलं.

"वेदांतचं घालेन बहुतेक."

"तो काय ओळखतो तुम्हाला? दोन वर्षं? मी देते ना. मी पाचवीत असल्यापासून ओळखते. आणि डॉक्टरचं नाव असलं की पोलिसांनाही बरं वाटतं."

"अगं, नको."

"का? माझं इंग्रजी वाईट आहे?"

तिने माझ्याच पेनाने लिहिलं. किती वर्षं ओळखता: बावीस. कोणत्या नात्याने: कुटुंबाचे स्नेही.

मी 'नको' एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. तुमच्या घरातल्या कोणीतरी माझ्याबद्दल चांगलं लिहून द्यावं ही माझी बावीस वर्षांची इच्छा होती, आणि ती अशी, न मागता, भेंडीच्या भाजीच्या वाटीशेजारी पूर्ण झाली.

मग जेवताना ती अण्णांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली. मयताला अण्णांच्या हाताखालचा रोजंदारीवरचा मुरलीधर आला होता आणि तू त्याला दारातूनच परत पाठवलंस, हेही म्हणाली. "राजूदादा ओरडला, तूच साहेबांना बातमी दिलीस, आता खांदा द्यायला आला का? मुरलीधरकाकांनी चप्पल काढली होती, ती परत घातली."

मी तिला पाणी हवं का विचारलं आणि उठून आत गेलो.


१९ ऑक्टोबर

शर्वाणीचा मेसेज आला. गार्डाचा फोन येऊन गेला. "मी सांगितलं, असा प्रामाणिक माणूस शोधून सापडणार नाही. आता शिंगं कुठे लावणार ते ठरवा."

आता लिहितो.

अण्णांच्या विरुद्ध तक्रारअर्ज मुरलीधरने केला नव्हता. मी केला होता.

२००३ चा मे महिना. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला तू मला तुमच्या गावी घेऊन गेलास. रात्रभर तू आणि मी मचाणावर होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या क्वार्टरमध्ये जेवण. त्याच्या आदल्या दिवशी गावाच्या कडेला कोणीतरी शेताला लावलेल्या विजेच्या तारेला चिकटून एक सांबर मेलं होतं. नियम तुला माहीत आहे, तूच तो मला सांगितला होतास. पंचनामा करायचा आणि सगळं जनावर साहेबांसमोर जाळायचं. अण्णांनी पंचनामा केला, डोकं, कातडं आणि काही भाग जाळला, आणि उरलेलं पाड्यावर वाटलं गेलं. मुरलीधर त्यातलं थोडं पळसाच्या पानात बांधून क्वार्टरवर घेऊन आला. त्यांनी ते मारलं नव्हतं. कोणीच मारलं नव्हतं. जेवणात काय होतं ते माझ्या लक्षात आलं.

पुण्याला परत गेल्यावर आठव्या दिवशी मी उपवनसंरक्षकांना पत्र लिहिलं. फुलस्केप कागद, समास आखून. 'सदर वनरक्षकांच्या निवासस्थानी वन्यप्राण्याचे मांस आढळल्याचे निदर्शनास आले.' खाली सही केली आणि लिहिलं की नाव गुप्त ठेवावे ही विनंती. निनावी पत्र लिहिणं मला भ्याडपणाचं वाटलं. स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल तेव्हा मला इतकी खात्री होती.

मला वाटलं होतं, समज देतील. फार तर बदली. तू जूनमध्ये हॉस्टेलवर आलास तेव्हा अण्णा निलंबित झाले होते. तुझ्या कॉटवर बसून तू म्हणालास, "मुरलीधरनेच केलं. त्याला पक्की नोकरी पाहिजे होती, अण्णांनी नाव पुढे पाठवलं नाही म्हणून." मी तुझ्यासमोरच्या कॉटवर बसलो होतो. आपल्यात तीन फुटांचं अंतर असेल. मी म्हणालो, "असेल."

या एका शब्दाइतकं वाईट मी त्या पत्रातही काही लिहिलं नव्हतं.

नंतर अण्णांची नोकरी गेली, तू एम.एस्सी. सोडून गोंदियाला कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागलास, शर्वाणीला शिकवलंस. आपल्या वर्गात पक्ष्यांचे आवाज ओळखणारा तुझ्यासारखा कान कोणालाच नव्हता. मी त्याच वर्षी पहिला आलो.


२५ ऑक्टोबर

शर्वाणीला सांगितलं. आधी तुला सांगायला हवं होतं का, याचा मी आठवडाभर विचार केला. पण अर्जावर नाव तिचं होतं, आणि पोलिसांशी ती माझ्यासाठी बोलली होती. तिच्या नावावर मी परवाना घेऊन मग तुला पत्र टाकणं, हे मला जमेना.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटलो. तिला वीस मिनिटं होती. तिने स्वतःसाठी सूप आणि माझ्यासाठी स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, घेतला, आणि म्हणाली, "काय दादा, चेहरा असा काय? गोळी हुकली?"

मी सरळ सांगितलं. वरती लिहिलंय तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. फार वेळ लागला नाही. तिने चमचा खाली ठेवला.

"तुम्ही?"

"हो."

"मुरलीधरकाका नाही?"

"नाही."

ती शेजारच्या टेबलाकडे बघत राहिली. तिथे एक आजोबा हॉस्पिटलच्या पाठीमागून उघड्या झग्यावर स्वतःचा कोट घालून चहा पीत होते. मग तिने विचारलं, "काय लिहिलं होतं त्यात? नक्की शब्द काय?"

मी सांगितले. मला ते पाठ आहेत.

"निदर्शनास आले," ती म्हणाली. "कोणाच्या?"

मी स्कोन मोडून ताटलीत ठेवला.

"मी वाढत होते त्या दिवशी. आईला बरं नव्हतं म्हणून मी वाढत होते. अण्णा म्हणाले, घे ना रे पोरा, लाजू नको, तुमच्या पुण्यात भेटते का असं? तुम्ही एकदा घेतलं. मग परत ताट पुढे केलंत. मला आठवतंय, कारण पातेल्यात माझ्यापुरतं ठेवलं होतं आणि ते मी तुम्हाला वाढलं. निदर्शनास आलं! तुम्ही बोटं चाटली होती, अनिमेषदादा."

तिचा आवाज चढला नव्हता. आजोबांनी मात्र आमच्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मला माफ कर असं म्हणायला मी आलो नाही."

"मग कशाला आलात? मोकळं व्हायला? चुकीच्या माणसाकडे आलात. मी दहा वर्षांची होते. राजूदादाला सांगा." मग थोडं थांबून, "पोलिसांना मी जे सांगितलं ते मला तेव्हा खरं वाटत होतं. परत विचारलं तर परत सांगेन, आता काय वाटतं ते."

तिचा पेजर वाजला. ती उठली. दरवेळी ती जाताना "येते हं" म्हणते. आज म्हणाली नाही. सूप तसंच राहिलं.

घरी आल्यावर निशिगंधाला सगळं सांगितलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे मी अठरा वर्षं तुझ्या शाकाहारासाठी वेगळा तवा ठेवला आणि तू..." आणि मग ती हसायला लागली, आणि मग हसायची थांबली. "सांबराचं जाऊ दे रे. पण तो मुरलीधर?"

नेमका तिथेच तिने हात घातला.


२ नोव्हेंबर

राजीव, सोमवारी मी पोलीस ठाण्यात गेलो. ओळख देणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव मागे घ्यायचं आहे, असं सांगितलं. काउंटरवरचा तरुण गार्डा म्हणाला, "काही अडचण नाही, दुसरं नाव द्या. पण चौकशी पुन्हा होणार, या आठवड्यात काही तुमचं होत नाही. आणि कारण लिहावं लागेल. त्या तुम्हाला पुरेसं ओळखत नाहीत का?"

मी म्हणालो, "आता जास्त ओळखतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दॅट'ल डू इट," तो म्हणाला, आणि 'अर्जदाराच्या विनंतीवरून' असं लिहून टाकलं. दुसऱ्या नावाच्या जागी वेदांतचं आलंय. परवाना केव्हातरी येईल. ३१ तारीख गेली आणि माझा नर यादीतल्या पुढच्या माणसाला गेला. ब्रे गावचे एक दंतवैद्य आहेत.

मला हे त्याग म्हणून सांगायचं नाही. हरीण हुकल्याचं वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. दोन दिवस मी निशिगंधाशी तुसडेपणाने वागलो. तो मोडक्या फाट्याचा नर मी इतका पाहिला होता की तो माझाच आहे असं वाटत होतं. डोनलला मी सगळी हकिकत सांगितली नाही, एका जुन्या मित्राबद्दलची चूक आहे एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "मित्र जिवंत आहे?" मी हो म्हटलं. "मग हरणाचं काय एवढं. शनिवारी ये. ओढायला माणसं लागतात."

काल गेलो. दंतवैद्यांनी एका गोळीत काम केलं. आम्ही तिघांनी नराला दोराने खाली ओढलं, दलदलीतून दोन तास, माझा एक बूट आतच राहिला. खाली आल्यावर डोनलने पोट साफ केलं, काळीज बाजूला ठेवलं, आणि दंतवैद्यांनी आपल्या वहीत तारीख, जागा, वजनाचा अंदाज लिहिला. मग मांसाचे वाटे पडले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंसाठी, डोनलच्या मुलीसाठी, ओढायला आलेल्यासाठी. वाया घालवायचं नाही हा इथला शिष्टाचार आहे. न खाता टाकणाऱ्याला पुन्हा कोणी परवानगी देत नाही. कोणीही कोणापासून काही लपवत नव्हतं. मी माझा वाटा घेतला. फ्रीजरमध्ये आहे. निशिगंधाने त्यावर चिठ्ठी लावलीय: 'आईपासून दूर ठेवणे.'

आता उरलेलं. आधीच्या पानांवर मी लिहिलं, 'जेवणात काय होतं ते माझ्या लक्षात आलं.' बावीस वर्षांनंतरही मी तुला तेच वाक्य लिहिलं, फक्त 'निदर्शनास' हा शब्द बदलून. शर्वाणीने पकडलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. ते पान मी बदललेलं नाही. तू ते तसंच वाचावंस.

मी जेवलो होतो. दोनदा वाढून घेतलं. आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे, तुला माहीत आहे. मला ते आवडलं. रेल्वेत परतताना मला पहिल्यांदा भीती वाटली ती सांबराची किंवा कायद्याची नव्हती. आईला माझ्या अंगाला वास येईल का, याची होती. घरी आठ दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. मग पत्र लिहिलं. त्यात अण्णांचा गुन्हा होता, कलम होतं, दिनांक होता, आणि जेवायला बसलेला मी कुठेच नव्हतो. मी निसर्गासाठी लिहिलं असं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटत होतं. आता वाटतं, मला माझं ताट धुऊन काढायचं होतं आणि त्यासाठी मी अण्णांचं घर वापरलं. पण यातलं किती खरं आणि किती आज चाळिशीनंतर मला सुचतंय, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पत्र मी लिहिलं, 'असेल' मी म्हणालो, आणि दोनदा वाढून घेतलं. या तीन गोष्टींबद्दल शंका नाही.

तुझ्याकडून मी काही मागत नाही. उत्तरही नाही. शर्वाणीने त्या दिवसापासून माझा फोन घेतलेला नाही. मुक्ता रोज विचारते, ताई कधी येणार. मी तिला सांगितलंय की मी ताईशी वाईट वागलोय. "लाइक, हाऊ बॅड?" तिने विचारलं. म्हटलं, तू अजून थोडी मोठी हो. ती म्हणाली, "आय'म फोर्टीन, बाबा. टेल मी." मग सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डझ द अदर मॅन नो? द वन दे ब्लेम्ड?"

तिला नाव माहीत नव्हतं म्हणून ती 'दुसरा माणूस' म्हणाली. मी म्हणालो, राजीवकाका सांगेल त्याला. हे म्हणताना कळलं की मी पुन्हा तुझ्यावर ढकलतोय. तू त्याला दारातून परत पाठवलंस. आता तूच त्याच्या दारात जाऊन माझ्यामुळे मान खाली घालायची, आणि मी इथे डब्लिनमध्ये पाकीट चिकटवून बसायचं, हे बरोबर नाही. त्याला माझ्याकडूनच कळलं पाहिजे. त्याला वाचता येतं का ते मला माहीत नाही. येत नसलं तर कोणीतरी वाचून दाखवेल आणि मग गावातल्या अजून एका माणसाला कळेल. तेही बरंच.

म्हणून काल त्याच्यासाठी वेगळं पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं आहे, तुझ्यापेक्षा त्याला कमी स्पष्टीकरण लागतं. पाकिटावर नाव घालायला घेतलं आणि थांबलो. अण्णांचं पूर्ण नाव, हुद्दा, नियतक्षेत्र, सगळं मला २००३ सालीही अचूक लिहिता आलं होतं. त्याला आपण सगळे नुसता मुरलीधर म्हणायचो. मला त्याचं आडनाव माहीत नाही.

तुझं पाकीट बंद करतोय. ते सकाळी टपालात पडेल.

अनिमेष

उद्या: ब्युमॉन्टला जाऊन, फोन न करता, शर्वाणीला मुरलीधरचं आडनाव विचारणे.